सत्तावीस खाचा

मित्रांनो, नुसतं नाव सांगितलं तर तुमच्यातले निम्मे जण एकमेकांकडे बघत बसतील, म्हणून नावाबरोबर ओळखही सांगते. मी ठवणी. पोथी वाचताना ती जमिनीला लागू नये म्हणून जिच्यावर उघडून ठेवतात ना, ती लाकडी घडी. उभी केली की माझे दोन पाय खाली आणि दोन हात वर होतात, आणि त्या हातांत पोथी बसते. मिटली की मी नुसती एक फळी. माझ्यात खिळा नाही, बिजागरी नाही, जोड नाही. वाशीमच्या एका म्हाताऱ्या सुतारानं एकाच सागवानी फळीला मधोमध अशी चीर पाडली की मी उघडते, मिटते आणि तुटत मात्र नाही. मला याचा गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

माझे मालक भगवंतराव. अनसिंगजवळच्या आमच्या खेड्यात त्यांचा विहिरीवरचा मळा होता. वांगी, मेथी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर काढायची आणि बाजाराच्या दिवशी वाशीमला न्यायचं, हे त्यांचं पोट. पण गावात त्यांना मान होता तो पोथीमुळे. चातुर्मासात रोज दिवेलागणीला मारुतीच्या देवळात पोथी लागायची आणि वाचणारे एकटे भगवंतराव. मला घरी आणलं त्या दिवशी त्यांनी मला हळदकुंकू वाहिलं आणि लाल कापडातली पोथी माझ्या हातांवर ठेवली. बावीस अध्याय, चौदाशे ओव्या. चांगली जाडजूड पोथी, पण तिचं ओझं मला कधी जड वाटलं नाही.

आणि मालकांचं वाचणं काय सांगू! एकदा बसले की श्वास कुठं घेतात ते कळायचं नाही. पानांमागून पानं उलटायची. माणसं म्हणायची, "भगवंतराव पोथी वाचते का शंकरपटात जोडी सोडते?" शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत. मालकांना ते ऐकून बरं वाटायचं. चातुर्मास सोडूनही ते घरी पारायणं करायचे. पहिलं सात दिवसांत, पुढची पाच दिवसांत, आणि मग तीन. एक पारायण झालं की चाकूनं माझ्या डाव्या पायावर एक खाच पाडायचे. करता करता सत्तावीस खाचा झाल्या. आला-गेला माझा पाय उलटून बघायचा आणि "वा!" म्हणायचा. मीही मनातल्या मनात फुगायचे. लाकूड पावसाळ्यात फुगतं म्हणतात, मी बारा महिने फुगलेली.

आमच्या शेजारी गोजराबाई राहायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण पोथीला बायकांच्या बाजूला सगळ्यांत पुढं तीच. जिभेला हाड नाही आणि मनात पाप नाही, अशी बाई. एका संध्याकाळी मालक बसले, तशी ती म्हणाली, "भगवंतराव, काल राजा रानात गेल्ता. मंग त्याचं काय झालं जी?"

मालक गडबडले. "थांब, मोरपीस काढू दे," म्हणाले आणि पानं चाचपू लागले. कारण वाचून कुठं थांबलो ही खूण त्या मोरपिसाची.

"बाप्पा!" गोजराबाई म्हणाली, "म्हंजे पोथी तुमाले नाई, मोराच्या पिसाले पाठ हाय!"

सगळं देऊळ हसलं. मालकही हसले. त्या हसण्यात किती खरं होतं ते ना त्यांना कळलं, ना मला.

पुढं मालकांचा मुलगा दौलत याचं लग्न झालं आणि पंचफुला सून म्हणून घरात आली. चार इयत्ता शिकलेली, कमी बोलणारी, हाताला चलाख. रोज सकाळी माझ्यावरची धूळ पुसायचं काम तिच्याकडे आलं. लेकीसुनांनी पोथी ऐकावी, वाचू नये, असा तेव्हा गावाचा रिवाज होता. पण मला पुसायचं म्हणजे पोथी उचलावी लागे, आणि उचलली की पंचफुला पान उघडून पाही. एकच ओवी वाचायची. ती ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणायची, सुताचा बारीक धागा पानात ठेवायची आणि कामाला लागायची. दुसऱ्या दिवशी पोथी उघडायच्या आधी कालची ओवी म्हणून बघायची. आली तर नवी, नाही तर पुन्हा तीच. एकादशीला उपास, रांधण कमी, म्हणून त्या दिवशी पहिल्यापासून सगळ्या म्हणायची.

खरं सांगते, मला तिचं हसू यायचं. तीन दिवसांत पोथी संपवणाऱ्या माणसाची मी ठवणी, आणि ही बाई एका ओवीला अख्खा दिवस लावते! चिमणीनं चोचीनं विहीर उपसायला घेतली, असं मला वाटायचं. मी लाकूडच होते, मित्रांनो, डोकं कुठून असणार!

दोन वर्षं अशी गेली. मग मालक पान डोळ्यांच्या जवळ धरू लागले, आणि वाटेतल्या माणसाला आवाजावरून ओळखू लागले. दौलतनं त्यांना वाशीमहून मोटारीनं अकोल्याला नेलं. डॉक्टरनं सांगितलं की काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही, उरलेलीही हळूहळू जाईल. दौलत रडवेला होऊन आला. मालक मात्र ओसरीवर बसून म्हणाले, "डोये गेले तं गेले. पोथी मले तोंडपाठ हाय. सत्तावीस पारायणं केले म्या, काई गंमत हाय का?"

गावालाही ते पटलं. मला तर पटलंच पटलं.

आषाढातल्या एकादशीला पोथी लागली. देवळात समई होती, वर कंदील होता. मालकांनी पोथी माझ्यावर उघडली आणि ते पानावर पार वाकले. अक्षरं दिसेनात. त्यांनी पोथी मिटली, हात जोडले आणि तोंडपाठ म्हणायला सुरुवात केली. देवाला नमन झालं, गुरूला नमन झालं, आठ-दहा ओव्या झाल्या. मग आली ही ओवी:

"वाट चालतां पाउलीं । गांवें मागें राहिलीं ।"

आणि मालक थांबले. पुन्हा पहिल्यापासून म्हटली, पुन्हा तिथंच थांबले. तिसऱ्यांदाही तेच. घाम त्यांच्या कपाळावरून माझ्यावर टपकला. माणसं चुळबुळ करू लागली. मागून कुणी तरी म्हणालं, "अनसिंगच्या वाचणाऱ्याले बोलवा लागते आता."

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं अगदी हळू आवाज आला, "जेणें वोझीं उतरिलीं । तोचि पोंचे ॥"

पंचफुला होती. सासऱ्याची फजिती पाहवली नाही आणि तोंडून निघून गेलं. पण शेजारी गोजराबाई! ती आनंदानं ओरडली, "अव मोठ्यानं म्हण ना, पोरी! भगवंतराव, तुमच्या सुनेले येते पाहा!"

सगळ्या माना वळल्या. पंचफुलाचा पदर नाकापर्यंत खाली आला. मालकांनी पोथी लाल कापडात गुंडाळली, मला मिटलं, काखेत मारलं आणि देवळाच्या पायऱ्या चाचपत उतरले.

घरी आल्यावर त्यांचा आवाज फुटला. "तुले पोथी कोणं देल्ली व?"

"पुसताना पाह्यत होती, मामाजी. रोजची एकच ओवी."

"माह्या देव्हाऱ्यातली पोथी चोरून वाचते? अन् भर देवळात मले उघडं पाडते?"

दौलत मध्ये पडायला गेला, त्याला मालकांनी हातानंच गप्प केलं. वाईट बोलले, हे मी सांगणारच. पण त्या बोलण्यामागं काय होतं ते मला ठाऊक आहे. डोळे गेले तर मळा दौलत सांभाळेल. पोथी गेली तर भगवंतराव म्हणून मागं काय उरणार? ही भीती होती ती. माणूस भ्याला की ओरडतो.

पोथी देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर गेली आणि तिला हात लावायची पंचफुलाला बंदी झाली. मी गेले माळ्यावर, लसणाच्या जुड्या आणि मोटेचा जुना नाडा यांच्या शेजारी. अनसिंगचा वाचणारा गावात येऊ लागला. तो आपली ठवणी बरोबर आणायचा. खिळे मारलेली होती म्हणे. मला कुणी पुसलं नाही. माझ्या चिरेत धूळ बसली, पालीनं अंडी घातली, आणि मी त्या अंधारात सत्तावीस खाचा मोजत पडून राहिले. किती वेळा मोजल्या तरी त्यांतली एकही खाच मला ओवी सांगेना.

पुढचं मी पाहिलेलं नाही, पण गोजराबाईनं ते आमच्या ओसरीवर इतक्या वेळा सांगितलं आहे की पाहिल्यासारखंच झालं.

हिवाळा सरत आला होता. मालकांना सावल्यांपलीकडचं फारसं दिसत नव्हतं. दौलत त्यांना हात धरून मळ्यात नेऊन धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसवायचा. तो मोट हाकायचा, पाणी पाटानं यायचं आणि पंचफुला फावड्यानं वाट मोकळी करून एकेका वाफ्याला पाणी द्यायची. गोजराबाई त्या दिवशी मेथी काढायला गेली होती. मालकांना पंचफुलाचं पुटपुटणं ऐकू आलं. एक ओवी, चार वेळा. मग फावड्याचा आवाज, पाणी पुढच्या वाफ्यात. मग दुसरी ओवी, तीही चार वेळा.

"काय करून राह्यली व, पंचफुला?"

"पाणी देऊन राह्यली, मामाजी."

"अन् तोंडानं?"

पंचफुला घाबरली. पण खोटं बोलणं तिला येत नव्हतं. "एका वाफ्याले एक ओवी. चार बार म्हटली का वाफा भरते. नवी तं आता भेटत नाई, म्हून जुन्याच म्हणून राह्यली."

"एक-एक ओवी!" मालक म्हणाले. "अशानं पोथी कवा पुरी होईन?"

"सारं पाणी एकदम सोडलं तं धुऱ्यावरून वाहून जाते, मुळाले काईच भेटत नाई," पंचफुला म्हणाली. "मी नवी आलती तवा तुमीच तं शिकवलं मले, मामाजी."

मालकांनी धुऱ्यावरची ओली माती बोटांनी चाचपली. मोटेचं चाक कुरकुरत होतं तेवढंच. मग म्हणाले, "सत्तावीस बार. सत्तावीस बार म्या पाणी धुऱ्यावरून वाहू देल्लं व माय."

आणि म्हातारा रडला. "रडला म्हंजे रडला," गोजराबाई सांगते, "म्या माह्या डोयानं पाह्यलं."

त्याच संध्याकाळी दौलत माळ्यावर चढला आणि मला खाली घेऊन आला. पंचफुलानं ओल्या फडक्यानं मला पुसलं. मालकांनी पोथी आपल्या हातानं तिच्या हातात दिली. "मले शिकव," एवढंच म्हणाले. ज्या माणसापुढं गाव मान डोलवायचं, त्याला सुनेसमोर विद्यार्थी होऊन बसणं किती अवघड गेलं असेल, ते तुम्हीच समजून घ्या.

स्वभाव मात्र एका दिवसात बदलतो थोडाच! पहिल्याच सकाळी मालक म्हणाले, "एकीनं काय होते? दहा सांग. मी काई लहान पोर नाई." पंचफुलानं दहा सांगितल्या. तिसऱ्या दिवशी तीस ओव्यांची अशी खिचडी झाली की राजाच्या तोंडी राणीचं आणि राणीच्या तोंडी ऋषीचं. ओट्यावरून गोजराबाई म्हणाली, "उतावळा नवरा अन् गुडघ्याले बाशिंग!" मालक चिडले, दोन घटका फुगून बसले, आणि मग हळूच म्हणाले, "बरं, एकच सांग."

तेव्हापासून नेम ठरला. सकाळी मला पुसायचं, कालची ओवी म्हणायची, मग नवी. पंचफुला अर्थ सांगायची, अडला तर दोघं मिळून डोकं लढवायची. दिवसभर मळ्यात मालक धुऱ्यावरून एक ओवी घोळवायचे आणि पंचफुला वाफ्यावरून तीच. रात्री जेवायच्या आधी पुन्हा एकदा. एकादशीला पहिल्यापासून. पुढं ओव्या इतक्या झाल्या की एका एकादशीला मावेनात, तेव्हा अर्ध्या या एकादशीला आणि अर्ध्या पुढच्या. घरात ताप आला, पाहुणे आले, गारपिटीनं मिरची झोपली, तरी नेम चुकला नाही. नवी ओवी जमली नाही तर जुनीच म्हणायची, पण खाडा नाही.

सहाशे आणि काही ओव्या झाल्या होत्या. एका सकाळी मालकांनी सवयीनं नाक टेकेल इतकं तोंड पानाजवळ आणलं आणि तसेच राहिले. मग बोटानं पान चाचपलं.

"पंचफुला, दिवा विझला का व?"

सकाळ होती, मित्रांनो. अंगणभर ऊन पडलं होतं.

"नाई, मामाजी," पंचफुला म्हणाली. मालकांना समजलं. त्यांनी एक उसासा टाकला, पाठ सरळ केली आणि कालची ओवी म्हटली. एक अक्षर चुकलं नाही. मग म्हणाले, "हं, नवी सांग." मी ठवणी आहे, लाकडाला आसवं नसतात, म्हणून त्या दिवशी मला रडता आलं नाही.

चार वर्षांच्या वर काळ गेला आणि पोथीची शेवटची ओवी झाली. त्याच उन्हाळ्यात अनसिंगचा वाचणारा आपल्या लेकीकडे शेलूबाजारला राहायला गेला. चातुर्मास तोंडावर आलेला. गावातली माणसं घरी आली, पण विचारायला कचरत होती. आंधळ्या माणसाला कसं म्हणावं, पोथी लावा! शेवटी मालकच म्हणाले, "एकादशीले येतो मी. ठवणी घेऊन येतो."

त्या संध्याकाळी पंचफुला किती भ्यायली होती! मागच्यासारखं झालं तर हा माणूस पुन्हा उभा राहणार नाही, हे तिला कळत होतं, मलाही कळत होतं. देवळात मला उघडलं, पोथी माझ्यावर ठेवली ती मिटलेलीच. मालकांनी हात जोडले. देवाला नमन झालं, गुरूला नमन झालं. ओव्या येत गेल्या, सावकाश, एकेक शब्द मोकळा. पूर्वीसारखी शर्यत नव्हती. माणसं पहिल्यांदा पोथीतली गोष्ट ऐकत होती. मग आली ती ओवी.

"वाट चालतां पाउलीं । गांवें मागें राहिलीं ।"

आणि मालक थांबले.

दौलतनं डोळे मिटून घेतले. गोजराबाईनंसुद्धा पदर तोंडात धरला. मालकांनी मान बायकांच्या बाजूला वळवली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "पंचफुला, पुढं म्हण."

मग बायकांतून आवाज आला, थरथरता पण सगळ्यांना ऐकू जाईल असा: "जेणें वोझीं उतरिलीं । तोचि पोंचे ॥"

"इकडं ये, माय. ठवणीपाशी बस," मालक म्हणाले. "हे माही गुरू हाय. माह्या एकट्याच्या तोंडून पोथी अर्धी राह्यते."

कुणी तरी कुरकुरलं की बायकांनी तिकडं बसायचा रिवाज नाही. गोजराबाई फिरलीच त्याच्यावर, "मंग तू म्हण ना पुढची! येते काय?" तो खाली बसला. पंचफुला उठली आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली. त्या चातुर्मासात एक दिवस मालक म्हणायचे, एक दिवस ती.

गावाला वाटलं, म्हातारा त्या ओवीवर पुन्हा अडला. मी सांगते, अडला नव्हता. त्याच सकाळी माझ्यासमोर बसून त्यांनी ती ओवी तीनदा म्हटली होती, शेवटापर्यंत. पाच वर्षांचं एक ओझं होतं, ते त्यांनी देवळात सगळ्यांदेखत उतरवलं.

आता मी ओसरीवर असते. दोघांनाही पोथी पाठ आहे, म्हणून ती माझ्यावर पूर्वीइतकी उघडत नाही. थोडं रितं रितं वाटतं, नाही कसं म्हणू! पण पंचफुला मला रोज पुसते, कारण पुसल्याशिवाय नेम सुरू होत नाही. तुमच्या घरीही माझी एखादी बहीण माळ्यावर पडली असेल, मित्रांनो. तिला खाली काढा, पुसा, पोथी नसेल तर शाळेचं पुस्तक ठेवा. पण पानं मोजू नका. आज थोडंच घ्या, आणि उद्या सकाळी पुस्तक उघडायच्या आधी ते येतं का ते बघा. येत नसेल तर लाजू नका, पुन्हा तेच घ्या.

मालक अजून कधी कधी माझा पाय उलटून खाचांवरून बोट फिरवतात. परवा पंचफुलानं विचारलं, "मामाजी, पोथी पुरी झाली तवाची खाच राह्यलीच. अठ्ठाविसावी पाडून देऊ का?"

मालक हसले. "राहू दे व," म्हणाले, "हे तं ध्यानात राह्यते."